देवीला सोडलेला भात

आमच्या घराण्यात रक्त तपासून घेणारा पहिला माणूस म्हणजे माझा थोरला काका, आणि ते तपासणारा पहिला माणूस मी. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी झाल्या, आणि दोघांनाही त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. फरक इतकाच की काका ते कबूल करत होता.

मी तेव्हा रोह्याच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होतो. पेणच्या शाळेत शिकून बी.एस्सी. झालो होतो, वर टेक्निशियनचा कोर्स केला होता. पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावात पदवी मिळवलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या ज्ञानाबद्दल गावाच्या समजुती अफाट होत्या. म्हैस आटली तरी मला विचारत, रेडिओ बंद पडला तरी मलाच. मीही कधी 'ठाऊक नाही' म्हणालो नाही.

हे शिक्षण काकाच्या खांद्यावरून आलं होतं. बाप लवकर गेला. काकाने मिठागरात टोपल्या वाहिल्या आणि मी सायन्सला गेलो. एवढं मी गंभीरपणे सांगतो. पुढचं गंभीरपणे सांगण्यासारखं नाही.

नव्वदनंतर आमच्या बाजूची मिठागरं एकेक करून बंद पडत गेली. बांध फुटला की कुणी दुरुस्त करीना. पन्नाशीला आलेला काका घरी बसला. मग मी, कृतज्ञ पुतण्या, चार लोकांच्या पाया पडून त्याला रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर चिकटवला. त्याला खाकी कपडे मिळाले, शिट्टी मिळाली आणि मुख्य म्हणजे खुर्ची मिळाली. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारा तो पहिलाच. लॅबमध्ये मला स्टूल होतं.

काका माझ्याच खोलीवर राहायला आला. सुट्टीच्या दिवशी तो पॅसेंजरने गावी काकीकडे जाई आणि सोमवारी परत येई. त्याचं काम होतं ट्रक आला की गेटचा दांडा वर करायचा आणि ट्रक गेला की खाली. जेवण मात्र मिठागरातलंच राहिलं. उन्हात दिवसभर टोपल्या वाहणाऱ्या माणसाला लागतो तेवढा भाताचा ढीग तो दांडा वरखाली करून खाऊ लागला. त्यात कंपनीचा चहा. तो इतका गोड की पेल्याला हात चिकटे. असे सहा-सात चहा. सुट्टीच्या दिवशी गावी ताडी, आणि कुणाकडे हळद असली तर बाटली. वर्षभरात खाकी शर्टाची मधली दोन बटणं गेली. मला ती भरभराटीची खूण वाटली. काकी तर येईल त्याला दाखवत असे की बघा, पुतण्यानं माणसाला कसं बाळसं आणलंय.

एका रविवारी गडब गावी नात्यातली हळद होती. मटण, तांदळाच्या भाकऱ्या आणि पुढे काय काय ते त्याने मला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी तो ड्यूटीवर गेला आणि दहाच्या सुमाराला दोन वॉचमन त्याला रिक्षातून आमच्या लॅबवर घेऊन आले, कारण त्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की पुतण्या डॉक्टर आहे. बेंबीच्या वर उठलेली कळ थेट पाठीत जात होती, आणि तो गुडघे पोटाशी घेऊन वाकला होता. तोवर गेटवर त्याला ओवा, सोडा आणि चुन्याची निवळी देऊन झाली होती. शिवाय नाभी सरकली म्हणून एकाने पोटावर तांब्याही लावला होता. पोटावर त्याचा गोल वळ होता. बरं होण्याची एवढीच खूण अंगावर दिसत होती.

मी त्याला जवळच्या फिजिशियनकडे नेलं. त्यांनी दाखल करून घेतलं आणि रक्त काढून आमच्याच लॅबला पाठवलं. ते मीच यंत्रात फिरवायला लावलं. यंत्र थांबलं, नळी बाहेर काढली. खाली लाल थर बसला होता. त्याच्यावर पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथे दूध होतं. नारळ खवून पहिलं पिळून काढतात तसं, दाट. माझी नळी धुतली गेली नसेल असं वाटून मी दुसरी घेतली. तिच्यातही तेच.

आमच्या लॅबचे डॉक्टर आले, नळी उजेडात धरून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. दुर्मीळ काही दिसलं की डॉक्टर लोकांना जो आनंद होतो तो नातेवाइकाने बघू नये. ते म्हणाले, ही रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड. दीडशेच्या आत असायला हवं. आमच्या यंत्राला तो आकडा वाचताच येईना. सलाइन घालून नमुना पातळ केला तेव्हा कुठे आकडा आला, तो चार आकडी.

काकाच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. आठवडाभर नळ्या, सुया आणि पाण्याचा थेंबही नाही. गावी काकीला पोट बिघडलंय एवढंच कळवलं. सुटताना फिजिशियन मला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढी चरबी रक्तात राहिली तर असं पुन्हा होणार. आणि पुन्हा झालं तर मी हमी देणार नाही. आकडा खाली आणायचा. तुम्ही सायन्सचे आहात, तुम्हाला कळतं." मग त्यांनी गोळी लिहून दिली आणि पथ्य सांगितलं.

मी मान हलवली. 'तुम्हाला कळतं' असं कुणी म्हटलं की मान हलवायची, हा घराण्यातल्या पहिल्या पदवीधराचा रोग आहे. त्याच्यावर अजून तपासणी निघालेली नाही.

त्यांनी सांगितलेल्या पथ्यातला 'चरबी' हा एकच शब्द मी नीट ऐकला होता. चरबी कुठून येते, हे काय शिकवायला हवं? तेलातून, मटणातून. मी खोलीवरचा तेलाचा डबा शेजारी देऊन टाकला. मटण बंद, खोबरं बंद, मासळीसुद्धा तेलकट म्हणून बंद. मग आजारी माणसाने खायचं काय, तर आमच्याकडे याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. ताप येवो, दात काढो, बाई बाळंतीण होवो, पेज द्यायची. म्हणून मी स्वतः स्टोव्हवर पेज रटरटवली. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि भाजलेला पापड, रात्री तांदळाची भाकरी. मधल्या वेळेला भिजवलेले पोहे आणि गूळ, त्यात तेलाचा थेंब नाही. अशक्तपणा होता म्हणून साखरपाणी. ताकद यावी म्हणून चिकू.

काकाने आयुष्यात पहिल्यांदा पथ्य मन लावून पाळलं, कारण ते पोटभर होतं. बांगड्याची आठवण निघाली की तो उसासा टाकी आणि पेजेचा दुसरा वाडगा घेई. मला तो त्याचा संयम वाटे.

दीड महिन्याने, रात्रभर उपाशी ठेवून, मी पुन्हा त्याचं रक्त घेतलं. हॉस्पिटलातून निघताना आकडा बराच उतरला होता. आता नळीत पुन्हा तेच दूध, आणि यंत्राला पुन्हा सलाइन.

लॅबच्या डॉक्टरांनी विचारलं की हा खातो काय. मी अभिमानाने यादी सांगितली. साखरपाण्यापर्यंत ते गप्प होते. चिकूला आल्यावर त्यांना बसावं लागलं. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तेल कमी केलंस ते बरोबर. पण गड्या, तू या माणसाला तांदळावर चरायला सोडलास."

मग त्यांनी मला समजावलं. भात, पोहे, गूळ, साखर सगळ्यांची शेवटी साखरच होते. अंगमेहनत असेल तर ती जळते. नसेल तर लिव्हर उरलेल्या साखरेची चरबी करून रक्तात सोडतं. दारू त्या कामाला आणखी जोर लावते. हा माणूस खुर्चीवर बसून मिठागरातलं जेवण जेवतोय.

वाईट याचं वाटलं की हे सगळं मला येत होतं. तिसऱ्या वर्षाला याच्यावर प्रश्न आला होता, आकृतीसकट उत्तर लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. पेपरातलं लिव्हर काकाच्या पोटातही असतं, एवढंच काय ते कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी काकाला सांगितलं. माझी चूक झाली, पेजेनेच आकडा वाढला, असं सरळ सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे लिव्हरची सगळी हकिकत ऐकून घेतली. आमच्या खारजमिनीत बांधाला झडप असते, तिला उघाडी म्हणतात. भरतीला ती बंद ठेवावी लागते, नाहीतर खाडी आत येते. काका म्हणाला, "म्हंजे उघाडी उघडीच राह्यली. पानी आत येतंय, नि बाहेर जायाला वाट नाय." बी.एस्सी.च्या उत्तरपत्रिकेत मला दोन पानं लागली होती.

मग त्याने विचारलं की आता भात किती. मी माझ्या खोलीतली एकुलती एक वाटी दाखवली. तो तिच्याकडे बघत राहिला. "एवढा तर आम्ही कावळ्याला ठेवतो," तो म्हणाला.

तरी खोलीवर त्याने पाळलं. नाचणीची भाकरी, पालेभाजी, वालाची आमटी, मासळीचं पातळ कालवण, चहा बिनसाखरेचा. अडचण गावाची होती. आमच्याकडे 'थोडा भात' असा प्रकार नाही. भात घेतला किंवा भात नाही घेतला, आणि नाही घेतला म्हणजे भांडण झालं. रविवारी काकाने घरी सांगितलं की डॉक्टरने भात, गोड आणि दारू बंद केली आहे. मला पुढे घालायला तो बरोबर घेऊन गेला होता. काकीने हातातला डाव तसाच धरला आणि मला सुनावलं की तुझ्या रोह्याला जाऊन याला आता घरचा भात गोड लागत नाय. शेजारच्या म्हाताऱ्याने ओटीवरून निकाल दिला. डॉक्टरचं काय, तो असंच सांगतो, आजच्या दिवसानं काय होत नाय. आमच्या गावात आजचा दिवस रोज असतो. त्या दिवशी काका चार वेळा नाही म्हणाला आणि पाचव्यांदा जेवला. सोमवारी त्याला पोटात जड वाटत होतं. मी दिवसभर लॅबमध्ये फोन वाजला की दचकत होतो.

त्याच आठवड्यात काका म्हणाला, "देवीला सोडतो."

आमच्याकडे ही रीत आहे. एखादी आवडीची वस्तू माणूस गावदेवीला सोडतो, आणि त्यानंतर ती त्याच्या ताटात वाढायची कुणाची छाती होत नाही. एका बाईने सुरमई सोडली होती. तिच्या शेजारी बसणाराही सुरमई जरा लपवून खाई. डॉक्टरचा शब्द मोडायला गावाला पाणी प्यायचाही वेळ लागत नाही. देवीचा शब्द मात्र दारू प्यालेला माणूससुद्धा मोडत नाही.

पण मी त्याच गावातल्या गणपतीच्या मंडपात नवसाविरुद्ध भाषण केलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या. मी काकाला म्हटलं की हे खोटं आहे.

"खरं सांगून बघितलं की," तो म्हणाला. "कोनी ऐकलं?"

मग मी निदान खोटं तरी नीट रचू म्हणून सुचवलं की देवी स्वप्नात आली असं सांग. काका चक्क घाबरला. "तसलं नको. मग ती खरंच येल."

पुढच्या रविवारी आम्ही नारळ घेऊन देवळात गेलो. काकाने हात जोडून भात, गोड आणि दारू सोडली. गुरवाला ते पटेना. लोक मासळी सोडतात, कोंबडी सोडतात, पण भात? देवीचा नैवेद्यच भाताचा असतो. काका म्हणाला, "तिचा तिला. मी माझा सोडला." गुरवाने नारळ फोडला आणि अर्धा स्वतःकडे ठेवला. म्हणजे करार झाला.

परिणाम मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून सांगतो. खांब गावी एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. भात वाढणारा काकाच्या पानाशी आला, कुणीतरी म्हणालं, देवीला सोडलाय, आणि तो निखाऱ्यावर पाय पडल्यासारखा मागे सरला. मांडवामागे बाटली फिरत होती तीही काकाला वळसा घालून गेली. आतल्या बायकांनी त्याच्यासाठी मुद्दाम नाचणीची भाकरी थापली. माझ्या पदवीला कधी कुणी एवढं मानलं नव्हतं. मी तेव्हाच गावदेवीला मनातल्या मनात लॅबची मानद सल्लागार करून टाकलं.

काकी तर पार बदलली. जी डाव घेऊन भांडली होती, तीच आता उंबऱ्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवू लागली. काकाने कंपनीत खुर्ची सोडून कंपाउंडला फेऱ्या मारायची ड्यूटी मागून घेतली. एवढ्या खटपटीने मिळवलेली खुर्ची सोडली म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. शर्टाची बटणं मात्र परत लागू लागली, आणि आकडा तीन आकड्यांत उतरला. मर्यादेच्या वर होता, पण नळीत दूध नव्हतं.

फक्त एक गोष्ट आम्हा दोघांच्या ध्यानात आली नव्हती. उगाच कुणी भात सोडत नाही. बदल्यात काहीतरी मागितलेलं असतंच. काकाने काय मागितलं ते तो सांगेना, मग गावाने आपापसात ठरवून टाकलं. पुतण्या एवढा शिकला, पण त्याचं लग्न जमत नाही. चुलत्याने त्याच्यासाठी भात सोडला. हे माझ्या आईपर्यंत पोचलं तेव्हा ती रडली आणि मग जोमाने मुली बघू लागली. मी नाही म्हटलं की सगळे काकाच्या ताटाकडे बोट दाखवत. जेमतेम दोन वर्षांत माझं लग्न ठरलं. मुलगी चांगली होती, म्हणून तक्रार नाही. पण मी ट्रायग्लिसराइडमुळे बोहल्यावर चढलो, हे खरं आहे.

लग्न गावीच, आमच्या दारात होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. पहिल्या पंगतीत काका होता, समोर आम्ही नवरानवरी. तेवढ्यात आतून काकी आली. नवी साडी, कपाळभर कुंकू, हातात परात. परातीत भाताचा ढीग, वर तुपाची धार, बाजूला लाडू. मागे बायका. गावाच्या हिशेबाने देवीनं ऐकलं होतं, पोराचं लग्न झालं होतं, नवस फिटला होता, आता भात खायला मोकळीक होती. काकीने परात काकासमोर ठेवली आणि पहिला घास भरवायला हात पुढे केला.

काकाने माझ्याकडे पाहिलं. खाल्ला असता तर त्या घासाने काही झालं नसतं. पण त्या घासानंतर देवीचा अधिकार संपत होता. उद्यापासून पुन्हा ढीग, पुन्हा ताडी आणि पुन्हा ती कळ. आणि फिजिशियनांनी सांगितलेलं आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"ह्यो नवस पोराच्या लग्नाचा नव्हता," काका म्हणाला.

काकीचा हात तसाच राहिला. "मग कशाचा?"

आता बोलायचं मलाच होतं. मी मुंडावळ्या बाजूला सारून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नळीतलं दूध, स्वादुपिंड, पुन्हा झटका आला तर डॉक्टर हमी देत नाहीत हे. मी पेज घालून आकडा कसा वाढवला, हेही. आणि भात देवीने मागितला नव्हता, आम्हीच नेऊन टाकला होता, हे शेवटी. गुरव पंगतीतच होता. त्याने खाली बघून जेवायला सुरुवात केली. मुलीकडचे लोक एकमेकांकडे बघत होते. आपण नक्की कुणाला मुलगी दिली असा प्रश्न त्यांना पडला असावा, आणि तो रास्त होता.

काकी लाडवांकडे बघत उभी होती. मला वाटलं ती देवीच्या धास्तीने हाय खाईल. पण तिचा राग भलतीकडेच होता.

"तुझ्या जिवावर बेतलं होतं," ती काकाला म्हणाली, "नि दोन वर्सं तू देवीला सांगून बसलास. मना नाय."

काका मान खाली घालून पत्रावळीची काडी मोडत राहिला. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की आम्ही लॅब धुंडाळली, देऊळ धुंडाळलं, पण ज्या हातातून ताट येतं त्या हाताला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरने बंद केलंय, एवढं एक वाक्य तिच्या अंगावर फेकलं होतं. का बंद केलंय, ते सांगायची आम्हाला गरज वाटली नव्हती. ती बाई शिकलेली नाही, तिला कळणार नाही, असं मी धरून चाललो होतो, आणि माझ्या शिक्षणाने मिळवलं काय तर पेजेचे वाडगे.

काकीने डोळे पुसले नाहीत. तिने मला विचारलं, "किती चालंल?" रोज दुपारी थोडा चालेल, असं मी म्हणालो. ती म्हणाली की थोडा म्हंजे किती ते हातानं दाखव. मी दाखवला. तिने परातीतून बरोबर तेवढाच भात, तुपाखालचा बाजूला सारून, काकाच्या पानावर घातला. लाडू उचलून बायकांकडे दिले. मग वाढप्यांकडे वळून तिने बजावलं की आजपासून ह्याच्या पानाला कोनी हात लावायचा नाय, देवाच्या नावानंही नाय नि पाव्हण्याच्या नावानंही नाय. ह्याला मी वाढंन.

आणि ती त्याच्यासमोर पाटावर बसली. काका एकेक शीत वेचून जेवत होता. त्याचा शेवटचा घास होईपर्यंत तिने पंगत उठू दिली नाही.